संकोचाचा उंबरठा आणि परिचयाचे नवे दालन

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



पेढीच्या गादीवर बसून व्यापार करणाऱ्या पिढीला ओळखीचे मोल कोणी शिकवावे लागले नाही. परगावी माल घेण्यास निघालेल्या तरुणाच्या खिशात पैशाच्या आधी एक चिठ्ठी असे. चिठ्ठी आणणारा मनुष्य आमच्या माहितीतला आहे, त्यास योग्य ते साहाय्य करावे, अशा अर्थाच्या दोन ओळींवर अनोळखी गावात मुक्कामाची सोय होई, उधारीवर माल मिळे आणि पुढच्या पेढीचा पत्ताही हाती पडे. पालनपुरी जैन व्यापाऱ्यांनी १९६०च्या दशकापासून हिऱ्यांचा व्यापार थेट बेल्जियममधील अँटवर्पपर्यंत नेला, त्यामागे भांडवल होते तसाच परस्परांच्या ओळखीचा आणि शब्दाचा आधारही होता.

आज घराघरातील मुलेमुली मात्र पेढीबाहेरच्या क्षेत्रांत शिरली आहेत. कोणी संगणक अभियंता आहे, कोणी औषधनिर्मितीत आहे, कोणी लेखापरीक्षण करतो, कोणी अन्नप्रक्रियेत संशोधन करते. या क्षेत्रांत मामांची किंवा काकांची चिठ्ठी चालत नाही, कारण मामा-काकांची तिथे ओळखच नसते. तिथे त्या चिठ्ठीची जागा व्यावसायिक परिचयाच्या संकेतस्थळांनी घेतली आहे. त्यांतील सर्वांत मोठे म्हणजे लिंक्डइन. रीड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २००२मध्ये कॅलिफोर्नियात त्याचा पाया घातला आणि ५ मे २००३ रोजी ते सर्वांसाठी खुले झाले. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरना विकत घेतले. २०२३ साली त्याच्या सभासदांची संख्या १०० कोटींच्या पुढे गेली, आणि सभासदसंख्येत अमेरिकेखालोखाल भारताचा क्रमांक लागतो.

म्हणजे दालन उघडे आहे आणि प्रवेशही विनामूल्य आहे. तरीही असंख्य सुशिक्षित माणसे त्याच्या उंबरठ्यावर थबकून उभी आहेत. खाते उघडलेले असते, पण छायाचित्र नसते. शिक्षण लिहिलेले असते, पण गेल्या आठ वर्षांत केलेल्या कामाचा उल्लेख नसतो. दुसऱ्याचे लेखन रोज वाचले जाते, पण त्याखाली एक ओळ लिहिण्यास बोट धजत नाही. यात कोणीही एकटे नाही. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००६ साली एक ढोबळ प्रमाण मांडले होते : अशा ठिकाणी जमणाऱ्या शंभर माणसांपैकी नव्वद केवळ वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सगळे लेखन उरलेल्या एकाचे असते.

मौन कोणाला महागात पडते

ज्याची नोकरी स्थिर आहे किंवा ज्याची पेढी उत्तम चालली आहे, त्याच्यासाठी हा संकोच निरुपद्रवी आहे. परंतु तीन प्रकारच्या माणसांना तो फार महाग पडतो. पहिला, पंचेचाळिशीत नोकरी गेलेला गृहस्थ. तो रोज ठरल्या वेळी डबा घेऊन घराबाहेर पडतो, कारण ही गोष्ट नातेवाइकांत समजू नये असे त्याला वाटते. दुसरी, मुलांच्या संगोपनासाठी किंवा सासू-सासऱ्यांच्या आजारपणासाठी आठ-दहा वर्षे घरी थांबलेली उच्चशिक्षित स्त्री. तिची पदवी तिजोरीत असते आणि आत्मविश्वासही तिच्यासोबत कुलूपबंद होतो. तिसरा, तालुक्याच्या गावातून शिकून आलेला आणि घरातील पहिलाच असा पदवीधर. त्याच्या मागे मोठ्या महाविद्यालयाचे नाव नाही आणि मोठ्या शहरातील ओळखही नाही. या तिघांची गुणवत्ता कमी नसते. ती जिथे दिसायला हवी तिथे दिसत नाही, एवढेच.

संकोचाची घडण

संकोचाला एकच कारण नसते. पहिले कारण संस्कारांचे आहे. स्वतःची स्तुती स्वतःच्या तोंडाने करू नये, हे घरोघरी शिकवले जाते आणि ते योग्यच आहे. दुसरे कारण लोकलज्जेचे : जुने सहकारी काय म्हणतील, नात्यातील कोणी हसेल काय, साहेबांनी पाहिले तर नोकरी सोडण्याच्या तयारीत आहे असे समजतील काय. तिसरे, आपल्यापाशी सांगण्याजोगे काही नाही ही भावना. चौथे भाषेचे, म्हणजे इंग्रजी चुकेल ही धास्ती. आणि पाचवे फसवणुकीचे भय.

या पाचांपैकी शेवटचे भय सावधगिरीच्या योग्यतेचे आहे, त्याचा विचार पुढे येईल. भाषेचा अडसर बऱ्याच अंशी दूर झाला आहे, कारण लिंक्डइन हे संकेतस्थळ २०२४ पासून मराठीतूनही वापरता येते. शिवाय साध्या, छोट्या वाक्यांचे इंग्रजी हे अलंकारिक इंग्रजीपेक्षा अधिक वाचले जाते. सांगण्याजोगे काही नाही ही भावनाही बहुधा सवयीतून येते. वीस वर्षे हाताळलेल्या कामातील खाचाखोचा त्या माणसाला सामान्य वाटू लागतात, नवख्याला मात्र त्याच मोलाच्या असतात. राहिली पहिली दोन कारणे, संस्कार आणि लोकलज्जा. खरा अडसर तिथेच आहे.

जवळची नजर, दूरचा हात

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. 'दुर्बळ दुव्यांचे सामर्थ्य' असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ. बॉस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरातील, नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिकांना त्यांनी विचारले, की ज्या परिचितामार्फत नोकरीची माहिती मिळाली, त्याची त्या काळात कितीदा भेट होत असे? उत्तर अनपेक्षित होते. परिचितामार्फत नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोकांना ती आठवड्यातून दोनदा किंवा अधिक भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. ५५.६ टक्के लोकांना अधूनमधून भेटणाऱ्यांकडून, तर २७.८ टक्के लोकांना वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा भेटणाऱ्यांकडून ती मिळाली होती. पाहणी लहान होती, परंतु तिच्यातील तर्क पक्का होता. जवळची माणसे मदतीस तत्पर असतात, पण त्यांची माहितीही तीच असते जी विचारणाऱ्याकडे आधीपासून असते. एकाच गल्लीतील सर्वांना एकाच गल्लीच्या बातम्या ठाऊक असतात. नवी बातमी आणतो तो दुसऱ्या गल्लीतील ओळखीचा माणूस.

पुढे सुमारे अर्धशतकाने या तर्काची कसोटी लिंक्डइनवरच लागली. सप्टेंबर २०२२मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांच्या काळातील सुमारे दोन कोटी सभासदांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्या काळात त्यांच्यात सुमारे दोनशे कोटी नवे दुवे जुळले होते आणि सहा लाख नोकऱ्या बदलल्या गेल्या होत्या. अगदी घट्ट ओळखींपेक्षा बेताच्या, काहीशा दूरच्या ओळखी नोकरी मिळण्यास अधिक उपयोगी पडतात, असे त्यातून दिसले. मात्र अगदीच नाममात्र ओळखीचा तेवढा उपयोग झाला नाही. म्हणून हजारो अनोळखी नावे गोळा करण्यात अर्थ नाही, हेही त्यातच आले.

या तत्त्वाचे एक ठळक उदाहरण समाजाच्याच इतिहासात आहे. सोलापूर येथे १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद हे घरच्या सावकारी-व्यापारात रमले नाहीत. लक्ष्मणराव फाटक या, पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या गृहस्थांशी त्यांनी भागीदारी केली आणि रेल्वेच्या बांधकामांच्या कंत्राटांत पाऊल टाकले. फाटक ना नात्यातले होते ना पेढीतले. पुढे १९३९ साली परदेश प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमान-उद्योजकाशी त्यांचा परिचय झाला. त्या परिचयातून भारतात विमाने बांधण्याची कल्पना आकारास आली आणि डिसेंबर १९४०मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे ते मूळ. प्रवासातील सहप्रवाशाशी आपण कोण आणि काय करू इच्छितो हे बोलण्यास शेठजी संकोचले असते, तर ही ओळख नमस्कारापुरतीच राहिली असती.

आता संकोचाकडे पुन्हा पाहिले म्हणजे त्यातील विसंगती ध्यानात येते. माणूस ज्यांच्या नजरेला भितो ते जवळचे असतात, म्हणजे नातेवाईक, शेजारी, जुने सहकारी. आणि ज्यांचा हात त्याला मिळू शकतो ते दूरचे असतात. जवळच्यांच्या संभाव्य हसण्यासाठी तो दूरच्यांची प्रत्यक्ष मदत गमावतो. समाज जितका एकसंध, तितकी ही नजर अधिक जाणवते. ज्या एकजुटीने समाज अडीअडचणीत धावून येतो, तीच एकजूट सदस्याला वेगळे काही करताना अवघडून टाकते. एकजूट ठेवावी आणि अवघडलेपण सोडावे, एवढाच यातील विवेक आहे.

शिवाय ही नजर माणसाला वाटते तेवढी तीक्ष्ण नसते. कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचे चित्र असलेला, घालण्यास ओशाळवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवण्यात आले. खोलीतील सुमारे निम्म्या लोकांनी ते चित्र ओळखले असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी ते ओळखले. आपल्यावर प्रकाशझोत आहे असे प्रत्येकाला वाटते, परंतु इतर सर्वजण आपापल्या प्रकाशझोताच्या चिंतेत गढलेले असतात. लिहिलेल्या चार ओळींवर नात्यात आठवडाभर चर्चा होईल ही भीती बहुतेक वेळा निराधार ठरते.

माहिती आणि आत्मस्तुती

राहिला संस्कारांचा प्रश्न. दुकानावर पाटी लावणे ही आत्मस्तुती नव्हे. पाटीवर दुकानाचे नाव, माल आणि वेळ लिहिलेली असते. त्यामुळे गरजवंताची पायपीट वाचते. मालकाची थोरवी पाटीवर लिहिली तर ती स्तुती. हाच निकष प्रोफाइललाही लावावा. 'अत्यंत निष्णात, दूरदर्शी व उत्साही व्यक्तिमत्त्व' हे वाक्य विशेषणांनी भरलेले असून त्यातून काहीच कळत नाही. 'साखर कारखान्यांच्या बाष्पक यंत्रणेच्या देखभालीचा १४ वर्षांचा अनुभव' या वाक्यात एकही विशेषण नाही, पण ज्याला असा मनुष्य हवा आहे त्याला तो नेमका सापडतो. विशेषणे गाळावीत आणि तपशील ठेवावा. विनय त्यात पूर्ण राखला जातो.

काम करताना ज्यांचे साहाय्य झाले त्यांचा उल्लेख करावा. यश सांगताना सहकाऱ्यांचा वाटा सांगितला, की लेखनातील अहंकार आपोआप गळतो आणि वाचणाऱ्याला त्या माणसाबरोबर काम करावेसे वाटते. घरी थांबलेल्या काळाची लाज बाळगण्याचेही कारण नाही. मार्च २०२२ पासून लिंक्डइनवर कारकिर्दीतील खंड स्वतंत्रपणे नोंदवण्याची सोय आहे. आजारी वडीलधाऱ्यांची सेवा किंवा मुलांचे संगोपन हा त्या जागी लिहिण्याचा सन्माननीय मजकूर आहे. दोन ओळींत खरे कारण लिहिले, की विचारणाऱ्याच्या मनातील शंका मिटते.

पायरी पायरीने

संकोच एका उडीत जात नाही, पायऱ्यांनी जातो. पहिल्या आठवड्यात फक्त प्रोफाइल पूर्ण करावे : स्वच्छ प्रकाशातील साधे छायाचित्र, काय काम येते ते सांगणारी एक ओळ, आणि प्रत्येक कामाखाली दोन-तीन ठोस वाक्ये. केलेल्या बदलांची वर्दी परिचितांना जाऊ नये अशी व्यवस्था सेटिंगमध्ये आहे, ती आधी करून घ्यावी. दुसऱ्याचे प्रोफाइल पाहताना आपले नाव त्याला कळू नये, अशीही सोय आहे. ज्यांना लोकलज्जा अधिक सतावते त्यांच्यासाठी या दोन गोष्टी मोठा दिलासा आहेत.

दुसऱ्या आठवड्यात वर्गमित्र, जुने सहकारी, शिक्षक अशा प्रत्यक्ष ओळखीच्या वीस-पंचवीस जणांना निमंत्रण पाठवावे. निमंत्रणासोबत कोणत्या ओळखीने लिहीत आहोत ते एका वाक्यात सांगावे. पहिल्याच निरोपात नोकरी मागू नये. अनेक वर्षांनी भेटलेल्या माणसाला आपण रस्त्यात आधी ख्यालीखुशाली विचारतो, तोच शिष्टाचार इथेही लागू आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्यांच्या लेखनावर प्रतिक्रिया लिहावी. 'छान', 'अभिनंदन' एवढ्यावर न थांबता त्या विषयातील आपल्या अनुभवाची एक ओळ जोडावी, किंवा मनापासून एखादा प्रश्न विचारावा. दुसऱ्याच्या गुणाची दखल घेताना कोणालाही आत्मस्तुतीचा संकोच वाटत नाही. म्हणून लाजाळू माणसासाठी ही सर्वांत सोपी पायरी आहे. देण्यापासून आरंभ केला, की मागणे जड जात नाही. कोणाला एखाद्या जागेची माहिती कळवावी, कोणा कनिष्ठ सहकाऱ्याच्या कामाची खरी शिफारस लिहावी. यानंतर महिन्यातून एखादे स्वतःचे टिपण लिहावे. कामात आलेली अडचण आणि ती कशी सुटली, एवढा विषय पुरेसा आहे. रोज दहा मिनिटांहून अधिक वेळ यासाठी लागत नाही, आणि त्याहून अधिक देऊही नये.

सावधगिरी

संकोच सोडणे म्हणजे सावधपणा सोडणे नव्हे. नोकरी देण्याच्या नावाखाली नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा अनामत मागितली गेली, तर तिथेच थांबावे. आधार क्रमांक, बँकेचा तपशील आणि ओटीपी कोणासही देऊ नये. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंब झाला तर पैसे परत मिळण्याची शक्यता घटते.

नोकरी शोधत असल्याची सूचना सर्वांना न दाखवता केवळ भरती करणाऱ्यांना दाखवता येते. तथापि ती आपल्याच कंपनीपर्यंत मुळीच पोहोचणार नाही, याची पूर्ण हमी संकेतस्थळही देत नाही, हे लक्षात ठेवावे. नोकरीत असताना कंपनीची गोपनीय माहिती, ग्राहकांची नावे किंवा आकडे लिहू नयेत.

समाजात सनदी लेखापाल आणि वकील यांची संख्या लक्षणीय आहे. त्यांच्या संकोचामागे एक रास्त कारण आहे. १९४९च्या सनदी लेखापाल कायद्याने आणि बार कौन्सिलच्या नियमांनी व्यवसायासाठी जाहिरात व अशील-विनवणी यांवर बंधने घातली आहेत. जुलै २०२४मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवा संकेतस्थळांवरून विक्रीस ठेवण्याच्या प्रकारावर कडक भूमिका घेतली. अशा व्यावसायिकांनी आपापल्या संस्थेचे चालू नियम वाचूनच लिहावे. कायद्यातील एखादा बदल सोप्या शब्दांत समजावून सांगणे आणि ग्राहक मिळवण्यासाठी हाक मारणे यांतील भेद त्यांना निराळा सांगण्याची गरज नाही.

आणखी एक भान हवे. ही संकेतस्थळे नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांची आहेत. ज्या अभ्यासाचा वर उल्लेख आला, तो सभासदांना वेगळी कल्पना न देता त्यांना सुचवल्या जाणाऱ्या ओळखींत फेरफार करून झाला होता आणि त्यावर टीकाही झाली. म्हणून या दालनात साधन म्हणून शिरावे, आणि काम झाले की बाहेर यावे. तिथल्या पसंतीच्या आकड्यांवरून स्वतःची किंमत ठरवू नये.

ज्येष्ठांचे काम

हा विषय केवळ तरुणांचा नाही. तरुणाचा संकोच ज्या नजरेतून जन्मतो ती नजर पुष्कळदा ज्येष्ठांचीच असते. नोकरी गेलेल्या माणसाकडे चौकशीच्या सुरात न पाहता, त्याचे कोणते काम कोणाच्या उपयोगी पडेल असा विचार करणारा एक काका प्रत्येक कुटुंबात असला, तर डबा घेऊन उगाच घराबाहेर पडण्याची वेळ कोणावर येणार नाही. पुन्हा काम करू पाहणाऱ्या सुनेने चार ओळी लिहिल्या, तर त्यांना पहिली दाद घरातूनच मिळावी. उद्योगात स्थिरावलेल्यांनी आपल्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांची निमंत्रणे स्वीकारावीत आणि वर्षातून दोघा-तिघांना तरी योग्य माणसाशी जोडून द्यावे. पूर्वी पेढीवरचे वडीलधारे चिठ्ठी लिहून देत. ही तीच परंपरा आहे, कागद बदलला आहे एवढेच.

बंधू-भगिनींनो, अंगी गुण असूनही गप्प राहणाऱ्याला विनयशील म्हणण्याची रीत आहे. परंतु ज्या मौनामुळे घरातील कर्ता खचतो, शिकलेली लेक स्वतःला निरुपयोगी समजू लागते आणि गावाकडचा हुशार मुलगा मागे राहतो, त्या मौनाला विनय म्हणता येणार नाही. आपले काम सत्य शब्दांत सांगावे, दुसऱ्याच्या कामाची मनापासून दखल घ्यावी, आणि जवळच्या नजरेच्या धाकाने दूरचा हात नाकारू नये. आज घरी गेल्यावर एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याच्या कामाबद्दल दोन खऱ्या ओळी लिहिल्या, तरी उंबरठ्यापलीकडे पहिले पाऊल पडले असे समजावे.